हळदीचं दूध आणि ब्रुफेन, जरा खुलासा

सोसायटीच्या ग्रुपवर कालपासून फिरतंय, "हळदीचं दूध ब्रुफेनपेक्षा भारी, संशोधनात सिद्ध". तसं नाहीये ओ.

ज्याच्या जिवावर हे बोललं जातं ती ट्रायल थायलंडची, 2014 साली छापून आली, गुडघ्याच्या संधिवाताचे 367 पेशंट, निम्म्यांना रोज 1200 मिलीग्रॅम आयबुप्रोफेन (म्हणजे ब्रुफेनमधलं औषध) आणि निम्म्यांना हळदीचा अर्क 1500 मिलीग्रॅम, असं 4 आठवडे. निकाल काय तर अर्क गोळीपेक्षा कमी पडला नाही. "भारी" कुठेच नाही. हां, पोटदुखीच्या तक्रारी अर्कवाल्यांत कमी होत्या, ते खरंय.

पण अर्क म्हणजे कॅप्सूल, आपला डब्यातला मसाला नव्हे! हळदीत कर्क्युमिन, म्हणजे अर्कात असतो तो मुख्य घटक, साधारण 3 टक्के, म्हणजे 3 ग्रॅमचा चमचा धरला तर जेमतेम 90 मिलीग्रॅम, तेवढा डोस दुधातून घ्यायचा तर दिवसाला सोळा-सतरा चमचे, कोण पिणार? आणि पोटात गेलं तरी रक्तात फारच थोडं उतरतं. दूध प्या की, मीपण पितो, पण त्यापायी डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करू नका, आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर कॅप्सूल विचारल्याशिवाय नकोच.