कापलेले पैसे परत मिळतात, पण लेखी मागावे लागतात

खात्यात किमान शिल्लक नाही किंवा कर्जाचा हप्ता चुकला म्हणून बँकेनं दंड लावून कापलेले पैसे परत मागता येतात. नियम मोडून कापले असतील तर बँकेला ते परत द्यावे लागतात. एवढं सांगायला ही पोस्ट लिहितोय. कारण आपल्याकडे जळगाव-धुळे-नंदुरबारात पासबुकावर दोनशे-तीनशे रुपयांची कपात दिसली की माणूस गप्प बसतो. "बँकेनं कापले म्हणजे काहीतरी नियम असेल," असं म्हणतो आणि पासबुक पिशवीत ठेवून देतो. नियम आहेच. पण तो खातेदाराला सांभाळण्यासाठी केलेला आहे आणि त्याला तो कोणी सांगितलेलाच नाही.

धरणगाव तालुक्यातल्या एका पोराची गोष्ट सांगतो. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात कामाला होता. कंपनीनं पगारासाठी एका बँकेत झिरो बॅलन्सचं खातं उघडून दिलं. पुढे काम सुटलं, पगार जमा होणं थांबलं आणि काही महिन्यांनी बँकेनं ते खातं साध्या बचत खात्यात बदलून टाकलं. आता त्यात हजारोंची सरासरी शिल्लक हवी होती. पोराच्या खात्यात होते काही शे रुपये. मग कपात सुरू झाली. दंड, वर १८ टक्के जीएसटी, पुन्हा दंड, पुन्हा जीएसटी. शिल्लक संपली तरी थांबली नाही, खातं उण्यात गेलं. तो घरी येऊन शेती करायला लागला होता, त्या खात्याची आठवणही त्याला राहिली नव्हती. पण आधार त्याच खात्याला जोडलेलं. अतिवृष्टीची नुकसानभरपाई आली ती थेट तिथे आणि आल्या आल्या उण्यात जिरली. त्याचे वडील पासबुक घेऊन माझ्याकडे आले. "भाऊ, मन्हा पोऱ्याना पैसा कथा गयात?" माझ्या पोराचे पैसे कुठे गेले, एवढंच विचारत होते.

कापूस पाण्यात गेला म्हणून सरकारनं दिलेले पैसे होते ते. शिल्लक कमी ठेवली या गुन्ह्यासाठी ते कापले गेले. ज्याच्याकडे शिल्लक ठेवायला पैसा नाही त्याच्याकडून तो नाही म्हणूनच पैसे घ्यायचे, हे मला कुठल्याही हिशेबानं पटत नाही.

आम्ही अर्ज लिहिला. त्यात विचारलं की दंड लावण्याआधी कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गानं सूचना दिली. दंड तुटीच्या किती टक्क्यांनी काढला. आणि फक्त दंडामुळे खातं उण्यात कसं गेलं. दोन प्रतींत अर्ज, एका प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख. काही दिवसांनी रक्कम परत जमा झाली. लेखी उत्तर मात्र आलं नाही.

ते प्रश्न मी मनानं काढलेले नव्हते. रिझर्व्ह बँकेनं २० नोव्हेंबर २०१४ रोजी व्यापारी बँकांना परिपत्रक पाठवलं, त्यातले नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. त्यात स्पष्ट आहे की किमान शिल्लक राहिली नाही तर बँकेनं आधी खातेदाराला एसएमएसनं, ईमेलनं किंवा पत्रानं कळवायचं, एक महिन्याची मुदत द्यायची, आणि तेवढ्यात शिल्लक भरली नाही तरच दंड लावायचा. दंड तुटीच्या प्रमाणात हवा. समजा किमान शिल्लक दोन हजार आहे आणि तुमच्या खात्यात एकोणीसशे आहेत, तर तूट शंभराची. बँकेचा दर सहा टक्के असेल तर दंड होतो सहा रुपये. बँकांना टप्पे ठरवायची मुभा आहे, पण शंभर कमी असणाऱ्याला आणि दोन हजार कमी असणाऱ्याला एकाच मापानं मोजणं त्या परिपत्रकात बसत नाही. शिवाय केवळ या दंडापायी खातं उणे होता कामा नये, हेही त्यातच लिहिलंय.

बंद पडलेल्या, म्हणजे दोन वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावताच येत नाही, हे २०१४ च्याच मे महिन्यातल्या परिपत्रकात आहे. तरीसुद्धा "आधी साठलेला दंड भरा, मग खातं बंद करून देतो," हे वाक्य मी काउंटरवर स्वतः ऐकलंय.

आता थोडं मोठं चित्र. २०१७ साली स्टेट बँकेनं हा दंड पुन्हा सुरू केला तेव्हा एप्रिल ते नोव्हेंबर या काळात १,७७१ कोटी रुपये जमले. त्या वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीच्या नफ्यापेक्षा ही रक्कम मोठी होती. मार्च २०२० मध्ये स्टेट बँकेनं सगळ्या बचत खात्यांवरची किमान शिल्लकेची अट काढून टाकली. बँक बुडाली नाही. २०२४ मध्ये संसदेत सांगण्यात आलं की सरकारी बँकांनी आधीच्या पाच वर्षांत या दंडातून जवळपास ८,५०० कोटी रुपये घेतले. मग २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा अशा आणखी काही सरकारी बँकांनी साध्या बचत खात्यांवरचा हा दंड सोडला. बऱ्याच खासगी बँकांत तो अजून आहे.

बँकेत नोकरी करणारे माझे मित्र म्हणतात की खातं सांभाळायला खर्च येतो, शाखा, एटीएम, माणसं, तो कुठून काढायचा? प्रश्न रास्त आहे. पण मग तो खर्च किती ते सांगा. नोव्हेंबर २०१४ च्या त्या परिपत्रकात म्हटलंय की आकार, म्हणजे बँकेचा चार्ज, वाजवी हवा आणि सेवा देण्याच्या सरासरी खर्चाशी सुसंगत हवा. माझ्या पाहण्यात एकाही शाखेनं हा हिशेब खातेदाराला दाखवलेला नाही. आपला १८७२ चा करार कायदाही कलम ७४ मध्ये हेच तत्त्व सांगतो की करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि तो आकडा ही तिची कमाल मर्यादा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण लोक इथेच हरतात. "तुमचा दर फार जास्त आहे," हे भांडण अवघड आहे. "तुम्ही नियम पाळला नाही," हे भांडण सोपं आहे. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये दिला होता. सोळा वर्षांनी, २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. व्याजदराचा विषय रिझर्व्ह बँकेचा, आयोगाचा नाही, असं ठरलं. ब्रिटनमध्येही असंच झालं. तिथे खात्यात पैसे नसताना लागणाऱ्या दंडाविरुद्ध हजारो लोकांनी बँकांकडे पैसे परत मागितले, बँकांनी कितीतरी जणांना दिलेही. मग प्रकरण कसोटी खटल्यात गेलं आणि नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे आकार सेवेच्या किमतीचा भाग आहेत, त्यामुळे किंमत म्हणून ते रास्त आहेत का हे ग्राहक संरक्षणाच्या त्या नियमांखाली तपासता येणार नाही. दोन्ही देशांत दरावरचं भांडण वर जाऊन हरलं. म्हणून माझं म्हणणं आहे की अर्जात दराबद्दल चिडचिड लिहू नका. सूचना कधी दिली, ते विचारा. तुटीचं गणित मागा. उणे शिल्लकेचा जाब विचारा. याला उत्तर द्यायचं तर बँकेला कागद दाखवावा लागतो, आणि तो अनेकदा नसतो.

कर्जाच्या हप्त्याचं दुखणं वेगळं आहे आणि आपल्या भागात ते जास्त मोठं आहे. हप्ता पाच तारखेला, कापसाचे पैसे व्यापारी देणार दहाला. पाचला हप्ता बाऊन्स होतो. खातं ज्या बँकेत आहे ती बँक कापते, फायनान्स कंपनी तिचा वेगळा आकार लावते. मग दोन दिवसांनी कंपनी पुन्हा हप्ता टाकून बघते, पुन्हा बाऊन्स, पुन्हा दोन्हीकडून कपात. मोटारसायकलच्या कर्जात अडकलेली चोपडा, शिरपूर, शहाद्याकडची किती पोरं मला भेटली आहेत, ज्यांचा हप्ता भरला गेला पण दंडाची थकबाकी दिसतेच आहे.

यावर रिझर्व्ह बँकेचं १८ ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक वाचा. हप्ता चुकल्याचा दंड व्याजदरात मिसळायचा नाही, तो वेगळा आकार म्हणून लावायचा आणि त्यावर पुढे व्याज चढवायचं नाही. दंड जेवढी चूक तेवढ्याच मापाचा हवा, वाजवी हवा, आणि कर्ज देतानाच करारात ठळकपणे सांगितलेला हवा. कर्जदाराला शिस्त लागावी एवढाच त्याचा हेतू, उत्पन्न वाढवणं हा नाही, असं रिझर्व्ह बँकेनंच म्हटलंय. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे, जुन्यांनाही त्याच वर्षीच्या जूनअखेरपर्यंत लागू करायचं होतं. फायनान्स कंपन्यांनाही हाच नियम आहे. म्हणून कर्जाचा पूर्ण खातेउतारा मागा आणि दंडाच्या रकमेवर व्याज चढलंय का ते बघा.

आता करायचं काय. पासबुकाची एन्ट्री मारून घ्या किंवा स्टेटमेंट काढा आणि चार्ज लिहिलेल्या ओळींखाली पेनानं रेघ मारा. अर्ज शाखा व्यवस्थापकाच्या नावानं, साध्या मराठीत. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. शिक्का मारायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा. काउंटरवरच्या मुलांशी भांडू नका, कपात सिस्टीममधून होते, ती त्यांनी केलेली नसते.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार ऑनलाइन किंवा टपालानं करता येते, एक पैसा लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. स्वतःच्या नावानं करा, वकिलामार्फत केलेली तक्रार तिथे घेत नाहीत. दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी जिल्हा आयोग आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करू शकता, बँकेचं मुख्य कार्यालय मुंबईत असलं तरी. वकील सक्तीचा नाही, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, मुदत दोन वर्षांची. याच कायद्यात नुकसानीच्या मानानं अगदीच बेसुमार दंड लावणाऱ्या कराराला अनुचित करार म्हटलंय, पण तो दावा राज्य आयोगापुढे न्यावा लागतो. आपल्या छोट्या प्रकरणांना सेवेतील त्रुटीची तक्रार पुरते.

आणि ज्यांच्या खात्यात फक्त लाडक्या बहिणीचे किंवा पीएम किसानचे पैसे येतात, त्या माय-बहिणींचं खातं मूलभूत बचत खातं करून घ्या. त्याला किमान शिल्लकेची अटच नसते, एटीएम कार्ड फुकट मिळतं. त्याच बँकेत दुसरं बचत खातं असेल तर ते बंद करावं लागतं एवढंच. आहे तेच खातं बदलून द्यायला सांगा, तोही अर्ज लेखीच द्या.

रविवारी सकाळी मी अमळनेरला घरीच असतो. ज्यांच्या पासबुकात अशी कपात आहे त्यांनी दोन वर्षांच्या एन्ट्र्या मारून, आधारची झेरॉक्स आणि बँकेचे आलेले एसएमएस असलेला मोबाईल घेऊन या. एसएमएस पुसू नका. अर्ज आपण तिथेच बसून लिहू. घर माहीत नसेल तर इनबॉक्समध्ये विचारा.