ओटीपीनं ईव्हीएम उघडत नाही, शंका असेल तर 17-सी मागा

साताऱ्यातल्या निम्म्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: मुंबईत 2024 च्या लोकसभेला फोनवर ओटीपी घेऊन ईव्हीएम उघडलं, रिकाउंट करून 48 मतांनी निकाल फिरवला, देशभर मतदान आणि मोजणीचे आकडे जुळत नाहीत, साताऱ्यात पण तेच झालं, व्हीव्हीपॅटच्या (मत दिल्यावर मशीनशेजारी छापून डब्यात पडणाऱ्या) चिठ्ठ्या कुणी मोजत नाही, आणि कोर्टात गेलं तरी काही होत नाही. मेसेज पाठवणारे सगळे ओळखीचेच आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना निवडणूक खरंच स्वच्छ व्हावी असं मनापासून वाटतं, म्हणूनच सविस्तर लिहितोय. मी झेडपीच्या शाळेत मास्तर होतो, पाटण तालुक्यात केंद्राध्यक्षाची ड्युटी केलेली आहे, मोजणीचा हॉल पण आतून बघितलाय.

आधी ओटीपीचं घेऊ. मुंबई उत्तर पश्चिमची मोजणी 4 जूनला गोरेगावच्या नेस्कोत झाली. तिथं शिंदे गटाचे उमेदवार रवींद्र वायकर यांच्या एका नातेवाइकाच्या हातात मोबाइल होता आणि तो मोबाइल आकडे भरायला नेमलेल्या डेटा एंट्री ऑपरेटरचा होता. हे खरं आहे. मोजणीच्या जागी उमेदवाराच्या माणसाला फोन चालत नाही, त्यावर वनराई पोलिसांत गुन्हा दाखल झाला, हे पण खरं आहे. पुढं एका पेपरनं छापलं की या फोनवर ओटीपी येऊन मशीन अनलॉक झालं, त्याच सुमाराला इलॉन मस्कनं ईव्हीएम बंद करा म्हणून ट्विट केलेलं, मग काय विचारता. 16 जूनला निवडणूक निर्णय अधिकारी वंदना सूर्यवंशींनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की ओटीपी लागतो तो एनकोर नावाच्या सिस्टीममध्ये लॉगिन करायला, मशीनला नाही. पेपरनं नंतर चूक कबूल केली, पण ती कबुली काही कुणी फॉरवर्ड केली नाही.

एनकोर म्हणजे काय तर टेबलावर मोजून झालेले आकडे वेबसाइटवर टाकायची जागा. मोजणी त्याच्या आधी होते, आणि ती होते कंट्रोल युनिटवर, म्हणजे मशीनच्या मतं साठवणाऱ्या भागावर. त्याला सिमकार्ड नाही, वायफाय नाही, ब्लूटूथ नाही. टेबलावर युनिट आणतात, सील आणि पट्टीचे नंबर जाळीपलीकडं बसलेल्या उमेदवारांच्या एजंटांना दाखवतात, मग सील तोडून रिझल्टचं बटण दाबलं की एकेका उमेदवाराचा आकडा डिस्प्लेवर येतो आणि जाळीतून माना वाकड्या करून एजंट लोक तो आपापल्या कागदावर उतरवून घेतात. समजा एखाद्यानं एनकोरमध्ये मुद्दाम चुकीचा आकडा भरला, तर वेबसाइटवर चुकीचं दिसेल, पण निकाल लागतो तो सह्या झालेल्या कागदांच्या बेरजेवर, फॉर्म 20 वर. मग फोनचं प्रकरण किरकोळ आहे का? अजिबात नाही. सरकारी कामाला दिलेला फोन उमेदवाराच्या नातेवाइकाकडं गेलाच कसा, त्यावरून कुणाला काय कळवलं गेलं, याची चौकशी कडक व्हायलाच पाहिजे. पण एकदा तुम्ही ‘मशीन हॅक’ म्हणालात की पुढच्याला फक्त ‘मशीन हॅक होत नाही’ एवढंच सिद्ध करावं लागतं आणि फोनचा प्रश्न बाजूलाच राहतो. मला राग येतो तो याचा.

आता रिकाउंट करून निकाल फिरवला हे. टीव्हीवर आधी ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर जिंकल्याचं दाखवलं आणि नंतर वायकर, त्यामुळं लोकांच्या मनात फिरवाफिरवीच बसली. आकडे बघा. ईव्हीएमची मतं: कीर्तिकर 4,51,095, वायकर 4,51,094. म्हणजे मशीनमध्ये कीर्तिकर एका मतानं पुढं! पोस्टल मतं: कीर्तिकर 1,501, वायकर 1,550. बेरीज केली की वायकर 4,52,644, कीर्तिकर 4,52,596, फरक 48. निकाल ठरला तो कागदाच्या मतपत्रिकांवर. ज्यांना वाटतं की मशीन काढून कागद आणला की सगळं सुटलं, त्यांनी या आकड्यांकडं जरा निवांत बघावं.

आणि परत तपासलं काय? बाद झालेल्या पोस्टल मतपत्रिका. फरक बाद पोस्टल मतांपेक्षा कमी असेल तर त्या सगळ्या परत तपासायच्या, व्हिडिओ शूटिंग करून, असा आयोगाचाच आदेश आहे. पूर्ण रिकाउंट हवा तर निवडणूक नियमांतल्या नियम 63 प्रमाणं निकाल जाहीर व्हायच्या आत लेखी अर्ज द्यायचा, कारणं लिहायची, आणि अधिकाऱ्यानं नाकारला तर त्यालाही कारण लेखी द्यावं लागतं. फॉर्म 20 वर सही झाली की दार बंद. त्या गडबडीत, घामाघूम हॉलात, ज्या पक्षाचा एजंट नियम वाचून आलाय त्याचाच अर्ज वेळेत जातो. आपल्याकडं बहुतेक एजंट वडापाव आणि पास एवढ्यावरच आलेले असतात, हे सगळ्या पक्षांना सांगायची गरज आहे.

आकडे जुळत नाहीत, या मुद्द्यावर मला जास्त लिहायचंय, कारण इथं अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोक फसतात. मतदानाच्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान घ्यायचो. एजंटांसमोर कमीत कमी 50 मतं टाकायची, रिझल्ट दाखवायचा, व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करायच्या, आणि मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर या क्रमानं बटणं दाबून मशीन शून्यावर आणायचं. ट्रेनिंगमध्ये हे ‘सीआरसी, सीआरसी’ म्हणून इतकं घोकून घेतात की झोपेत पण आठवावं. तरी पण कुठंतरी कोणीतरी विसरतो. रात्रभर झोप नाही, शाळेच्या फरशीवर पडलेला, डास, बाहेर सात वाजायच्या आधीच रांग लागलेली, एखादा एजंट उशिरा येऊन भांडायला लागलेला. क्लिअर राहिलं की मोजणीला त्या केंद्रावर मॉकची मतं जास्त निघतात. आंध्रात 2019 ला मैदुकुरू मतदारसंघातल्या एका केंद्रावर चिठ्ठ्या आणि मशीन जुळलं नाही, तपासलं तर केंद्राध्यक्षानं मॉकचा डेटा काढलाच नव्हता, सुप्रीम कोर्टाच्या निकालात याचा उल्लेख आहे.

म्हणजे तफावत निघू शकते. प्रश्न असा की ती कुठल्या केंद्रावर, किती मतांची, आणि कशामुळं. त्याचा कागद म्हणजे 17-सी. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष त्यात लिहितो किती मतं नोंदली, मशीनचा नंबर काय, सीलचे नंबर काय, आणि त्याची प्रत तिथल्या प्रत्येक एजंटला मिळते. मोजणीला त्याच फॉर्मच्या दुसऱ्या भागात मोजलेली मतं येतात. दोन्ही शेजारी ठेवायचे, बस. ऊस कारखान्याच्या काट्यावर वजनाचा संशय आला तर आपण पावती धरून बसतो, कुठली गाडी, कुठला काटा ते विचारतो, तसंच आहे हे. मेसेजमध्ये मात्र मतदानाच्या संध्याकाळी दिलेली अंदाजे टक्केवारी एका बाजूला आणि पोस्टल धरून एकूण मोजलेली मतं दुसऱ्या बाजूला ठेवून फरक काढलाय. तसा फरक निघणारच, त्यात शोध कसला! जुळलं नाही तर मशीन बाजूला ठेवायचं, आणि जिंकणाऱ्याचा फरक त्या मशीनमधल्या मतांपेक्षा कमी असेल तर तिथल्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजायच्या, असा आयोगाचा नियम आहे. हे झालं का, कुठल्या केंद्रावर झालं, हे विचारा ना.

साताऱ्याचं थोडक्यात सांगतो. शरद पवार गटाचे शशिकांत शिंदे 32,771 मतांनी पडले आणि भाजपचे उदयनराजे निवडून आले. त्याच यादीत पिपाणी चिन्ह घेतलेले अपक्ष संजय गाडे होते, त्यांना 37,062 मतं पडली. ज्यांचा फारसा प्रचार पण दिसला नाही त्यांना फरकापेक्षा जास्त मतं! शिंद्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस आणि गाड्यांची नुसती पिपाणी, मशीनवर दोन्ही बारीक, ऐंशीच्या घरातल्या आजीला काय कळणार. ती सगळी मतं शिंद्यांचीच होती असं कुणी म्हणू शकत नाही, पण तक्रार करायची तर ती इथं आहे, डोळ्यासमोर, आकड्यासकट. पक्षानं ती केली पण. विधानसभेला आयोगानं माणसाचं चिन्ह मोठं करायचं मान्य केलं पण पिपाणी काढायला नकार दिला, आणि माझ्या मते तो नकार चुकीचा होता. यातलं काही शोधायला हॅकरची गरज नाही. आणि हो, त्याच दिवशी शेजारच्या सांगलीत अपक्ष विशाल पाटील 1,00,053 मतांनी निवडून आले, त्याबद्दल मेसेजवाले काहीच का बोलत नाहीत कळत नाही.

व्हीव्हीपॅट कुणी मोजत नाही हे सरळसरळ खोटं. एप्रिल 2019 पासून सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच यंत्रं चिठ्ठी काढून निवडतात आणि त्यातल्या चिठ्ठ्या हातानं मोजतात. सातारा लोकसभेत वाई, कोरेगाव, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण, सातारा अशी सहा क्षेत्रं, म्हणजे 30 यंत्रं. मशीन आणि चिठ्ठ्यांत फरक आला तर चिठ्ठ्यांचा आकडा धरायचा असा नियम आहे. पाच पुरेत का? मला विचाराल तर फरक कमी असेल तिथं जास्त मोजायला काय हरकत आहे, दोन तास जास्त जातील. पण कमी मोजतात आणि मोजतच नाहीत, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

26 एप्रिल 2024 च्या निकालात न्या. संजीव खन्ना आणि न्या. दीपांकर दत्ता यांनी आणखी एक सोय दिली: दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचा उमेदवार सात दिवसांत लेखी मागणी करून पाच टक्के मशीनची मेमरी तपासून घेऊ शकतो. नगरला भाजपचे सुजय विखे पडल्यावर त्यांनीच 40 केंद्रांसाठी अर्ज केला होता, म्हणजे शंका काय एकाच बाजूला येते असं नाही. पण तेव्हा मशीनच्या एका सेटला 47,200 रुपये भरावे लागत होते, आणि सुरुवातीला आयोगानं मेमरी तपासायच्या ऐवजी मशीनवर नुसता मॉक पोल घेऊन दाखवायची पद्धत काढली. शेवटी फेब्रुवारी 2025 मध्ये कोर्टाला सांगावं लागलं की आतला डेटा पुसू नका. हा खरा मुद्दा होता, यावर साताऱ्यात एक पण मेसेज फिरला नाही. फलटणच्या पलीकडं मारकडवाडीत लोकांनी डिसेंबर 2024 ला स्वतः कागदावर मतदान घ्यायचं ठरवलं तर जमावबंदी लावली. त्या मतदानाला कायद्यात काही किंमत नव्हती हे मान्य, पण पोलिस उभे करून संशय जातो का वाढतो?

राहिलं कोर्टाचं. कीर्तिकरांची याचिका हायकोर्टानं डिसेंबर 2024 मध्ये फेटाळली, कारण निकालावर परिणाम झाला हे दाखवणारे ठोस तपशील याचिकेत नाहीत असं कोर्टाला वाटलं. तपशील असले की काय होतं ते बघा. गुजरातेत धोळक्याला 2017 ला मंत्री भूपेंद्रसिंह चुडासमा 327 मतांनी जिंकले, तिथं 429 पोस्टल मतं बाद केलेली. हायकोर्टानं मे 2020 मध्ये निवडणूकच रद्द केली! पुढं तीन दिवसांत सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली, त्याचं वाईट वाटतं. हरियाणात पानिपतजवळच्या बुआना लाखू गावात सरपंचाच्या निवडणुकीत एका केंद्रावर दोघांची मतं अदलाबदल झाली आणि जिंकल्याचं जाहीर झालं ते दुसऱ्याचंच. सुप्रीम कोर्टानं मशीनं दिल्लीला मागवून रजिस्ट्रारकडून व्हिडिओसमोर मोजून घेतली, मोहित कुमार 1,051, कुलदीप सिंह 1,000, आणि ऑगस्ट 2025 मध्ये मोहितला सरपंच करायचा आदेश दिला. त्यात जवळपास पावणेतीन वर्षं गेली. उशीर होतो हे म्हणा, जोरात म्हणा. काही होत नाही हे म्हणू नका, कारण ते वाचून पुढचा माणूस अर्जच करत नाही.

सगळ्यात जास्त काळजी करण्यासारखी गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. डिसेंबर 2024 मध्ये निवडणूक नियमांतला नियम 93 बदलला आणि सीसीटीव्ही, व्हिडिओ वगैरे सामान्य माणसाला मागता येईनासं झालं. 30 मे 2025 ला आयोगानं सांगितलं की निवडणूक याचिका नसेल तर हे फुटेज 45 दिवसांनी नष्ट करा. याचिका दाखल करायची मुदत पण 45 दिवसच आहे. म्हणजे याचिका करायची की नाही हे ठरवायला जे बघायला हवं ते बघायला मिळणार नाही, आणि मुदत गेली की तेही राहणार नाही. कर्नाटकात मालूरला 248 मतांच्या फरकावर 2025 मध्ये हायकोर्टानं निवडणूक रद्द करून फेरमोजणी सांगितली, तिथं मोजणीचा व्हिडिओच कोर्टापुढं आणता आला नव्हता.

तेव्हा ज्यांनी मेसेज पाठवला त्यांना एकच विनंती. आपापल्या पक्षाच्या तालुका अध्यक्षाला फोन करा आणि विचारा की 7 मे 2024 ला मतदान संपल्यावर आपल्या गावच्या केंद्राची 17-सी ची प्रत एजंटनं घेतली होती का, आणि आज ती कुणाकडं आहे. जे उत्तर मिळेल ते ग्रुपवर टाका.