बाकूचे डॉलर आणि गंगावेशीतलं छत : एक खुलासा

‘श्रीमंत देशांनी भारताला ३०० अब्ज डॉलर दिलेत, त्यातून कोल्हापुरात घरोघरी सोलर फुकट, ५०० रुपये भरून नाव नोंदवा’ असा मेसेज गंगावेशीपासून कसबा बावड्यापर्यंत फिरतोय. तो खोटा आहे.

३०० अब्जांचा आकडा मात्र खरा. नोव्हेंबर २०२४ मध्ये अझरबैजानची राजधानी बाकू इथे झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत तो ठरला. पण ती रक्कम सगळ्या विकसनशील देशांसाठी मिळून आहे, आणि २०३५ पर्यंत वर्षाला तेवढी उभी करायचं ते उद्दिष्ट आहे. एकट्या भारताच्या खात्यात काही जमा झालेलं नाही. उलट भारताने तिथेच या आकड्यावर जाहीर नापसंती नोंदवली. शिवाय असा सरकारी हवामान निधी बहुतांशी कर्जरूपानेच येतो. म्हणजे फेडायचा!

छतावरच्या सोलरचं अनुदान वेगळं. ते केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून मिळतं: दोन किलोवॅटला ६०,००० रुपये, तीन किंवा जास्तीला ७८,०००. पॅनल बसून चालू झाल्यावर रक्कम थेट बँक खात्यात येते. वरचा खर्च आपला. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर स्वतः करता येतो.

५०० रुपये कुणी मागितलेच, तर आधी पावती मागा. गडी परत फिरकायचा नाही.