‘चालतंय की, मग कशाला बदलायचं?’ – विंडोज १० वरच्या एका फॉरवर्डची चिरफाड

दिवाळीपासून हा मेसेज मला सहा जणांनी पाठवला. सहावे आमचे काका. त्यांनी वर एक ओळ जोडली होती, “तू कॉम्प्युटरचं बघतोस ना, हे खरं आहे का?” त्यांना फोनवर उत्तर देण्यात पाऊण तास गेला. पुढचा पाऊण तास वाचावा म्हणून लिहूनच ठेवतो.

मेसेज लांबलचक आहे, सार एवढंच. विंडोज १० बंद झाल्याची अफवा आहे, घाबरू नका. १० ही शेवटची विंडोज असं कंपनीनेच सांगितलं होतं, आता पैशासाठी शब्द फिरवला. अँटिव्हायरस असेल तर अपडेट लागत नाहीत. बँकांची एटीएम आजही जुन्या विंडोज एक्सपीवर चालतात. विंडोज ११ टाकली की मराठी फाँट उडतात. अपडेटमुळेच विमानतळ ठप्प झाले होते. ११ साठी नवा कॉम्प्युटर घ्यावाच लागतो. आणि सगळ्यात खाली एक लिंक.

‘विंडोज १० बंद झालेली नाही.’

शब्दशः घेतलं तर बरोबर आहे. १४ ऑक्टोबर २०२५ नंतरही कॉम्प्युटर सुरू होतो, एक्सेल उघडतं, पत्ते खेळता येतात. थांबलं ते वेगळंच. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट सुरक्षेतल्या फटी बुजवणारे पॅच काढतं. आपल्याकडे ते पोचेपर्यंत रात्र होते किंवा बुधवार उजाडतो. १४ ऑक्टोबर हा विंडोज १० साठीचा असा शेवटचा मंगळवार होता. त्यानंतर वेगळी नोंदणी केल्याशिवाय पॅच येत नाहीत.

“पण माझा कॉम्प्युटर काल होता तसाच आहे, मग आज तो जास्त धोक्यात कसा?” काकांचा हा प्रश्न अगदी रास्त होता. १० आणि ११ आतून सख्ख्या बहिणी आहेत, बराचसा कोड एकच. ११ चा पॅच निघाला की तो सगळ्या जगाच्या हातात पडतो. पॅचच्या आधीची फाइल आणि नंतरची फाइल शेजारीशेजारी ठेवायची आणि नेमकं काय बदललं ते हुडकायचं, हा या धंद्यातल्या चोरांचा जुना उद्योग आहे. म्हणजे ११ मधली दुरुस्ती कित्येकदा १० मधल्या उघड्या फटीचा पत्ताच सांगते. कॉम्प्युटर आहे तसाच राहतो, पण चोराला त्याच्याविषयी असलेली माहिती दर महिन्याला वाढते.

‘शेवटची विंडोज म्हणाले होते.’

म्हणाले होते, खरं आहे. मे २०१५ मध्ये शिकागोच्या परिषदेत मायक्रोसॉफ्टच्या जेरी निक्सन यांनी बोलण्याच्या ओघात १० ला शेवटची आवृत्ती म्हटलं आणि त्याचे जगभर मथळे झाले. कंपनीने तो समज ठामपणे खोडून काढला नाही. तो त्यांच्या सोयीचाच होता, असं माझं मत. पण जुलै २०१५ मध्ये १० आली तेव्हाच तिच्या आधाराची (सपोर्टची) शेवटची तारीख कंपनीने जाहीर केली होती: १४ ऑक्टोबर २०२५. दहा वर्षांत ती तारीख हललेली नाही. तेव्हा फसवणूक झाली असलीच तर ती मथळे वाचून तारीख न वाचणाऱ्यांची, आणि त्यात मीही होतो.

‘अँटिव्हायरस असला की झालं.’

इथे वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमची गोष्ट सांगावीच लागते. विंडोजमध्ये फाइल शेअरिंगची जी जुनी यंत्रणा आहे तिच्यात एक फट होती. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला तिचा पॅच काढला. १२ मे २०१७ ला, म्हणजे ५९ दिवसांनी, वॉनाक्राय सुटलं आणि दीडशेच्या आसपास देशांत पसरलं. कुणी मेल उघडायची गरज नव्हती, कुठे क्लिक करायची गरज नव्हती. नेटवर्कवरचा एक कॉम्प्युटर सापडला की तो शेजारच्याला धरायचा, शेजारचा त्याच्या शेजारच्याला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत अंदाजे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे कॉम्प्युटर अडकले. बाधितांपैकी बहुतेक यंत्रं विंडोज ७ वर होती. त्यांच्यासाठी पॅच दोन महिने तयार होता, टाकला नव्हता एवढंच.

अँटिव्हायरस ऑपरेटिंग सिस्टिमच्या खांद्यावर बसून पहारा देतो. खांदाच निसटला तर वरचा पहारेकरी काय करणार? तो काही ओळखीचे चोर पकडतो, आणि तो असावाच. पण भिंतीतलं भगदाड त्याला लिंपता येत नाही.

याला जोडूनच एक वाक्य असतं, “माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?” वॉनाक्रायने कुणाकडे काय आहे हे पाहिलंच नव्हतं. दिसेल ती फाइल कुलूपबंद करायची आणि ३०० डॉलर मागायचे. नातवाच्या बारशाचे फोटो ते विकायला नेत नाहीत, तुम्हालाच परत विकतात.

‘एटीएम अजून एक्सपीवर चालतात.’

चालत होती, बरीच वर्षं. म्हणूनच २१ जून २०१८ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना लेखी वेळापत्रक दिलं: सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के एटीएम आधार असलेल्या विंडोजवर न्या, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सगळी. फॉरवर्ड ज्यांना साक्षीला बोलावतो आहे, त्यांचाच कान त्यांच्या वरिष्ठाने धरला होता.

‘११ टाकली की मराठी फाँट उडतात, श्रीलिपी बंद पडते.’

इथे जरा रेंगाळणार आहे. बाकीचे मुद्दे कुठल्याही भाषेतल्या फॉरवर्डमध्ये सापडतील, हा खास आपला आहे आणि यात भीती खरी आहे. छापखाने, डीटीपीवाले, लग्नपत्रिका करणारे, जुनी साप्ताहिकं, यांची वीस-पंचवीस वर्षांची कमाई श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या मराठी टायपिंग पॅकेजांच्या फाँटमध्ये पडून आहे.

आधी फाँट म्हणजे फाँट. श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएमचा सुरेख हे युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या) आधीचे फाँट. त्यांत रोमन अक्षरांच्या खणांमध्ये देवनागरीचे तुकडे भरलेले असतात: कुठे काना, कुठे अर्धा ‘क’, कुठे रफार. कॉम्प्युटरच्या दृष्टीने तो मजकूर रोमनच. फाँट काढला की चिन्हांची खिचडी दिसते ती त्यामुळे. या ट्रू टाइप फाइली आहेत आणि विंडोज ११ ट्रू टाइप फाँट पूर्वीसारखेच दाखवते. फाँट उडत नाहीत.

अडचण येते ती फाँटच्या आजूबाजूच्या सरंजामाची. जुन्या पॅकेजांना परवान्याची खूण म्हणून मागे खोचायचं डाँगल लागतं आणि डाँगलची विंडोजशी ओळख करून देणारा ड्रायव्हर. शिवाय पानं लावायचा पेजमेकर हा प्रोग्रॅम; ज्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७, २००१ सालची आहे आणि जी कित्येक छापखान्यांत आजही मुख्य खुर्चीवर बसलेली आहे. विंडोज १० ही ३२ बिटी आणि ६४ बिटी अशी दोन्ही मिळायची. ११ फक्त ६४ बिटी आहे. ६४ बिटी विंडोजवर ३२ बिटी ड्रायव्हर चढत नाही आणि १६ बिटी प्रोग्रॅम मुळीच चालत नाही. काही जुन्या पॅकेजांचा तर इन्स्टॉलरच १६ बिटी असतो.

तेव्हा खरा प्रश्न १० की ११ हा नाहीच, ३२ की ६४ हा आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली अबाउट उघडा, ‘सिस्टिम टाइप’ वाचा. आज ६४ बिटी विंडोज १० वर तुमचं डाँगल आणि पेजमेकर चालत असेल तर ११ वर ते अचानक रुसायचं फारसं कारण नाही. ३२ बिटी असेल तर मात्र सावध. तिथे वरच्या वर अपग्रेड होतच नाही, नव्याने विंडोज टाकावी लागते आणि डाँगलचा ६४ बिटी ड्रायव्हर मिळाला नाही तर काम खरंच थांबतं.

अशा छापखानेवाल्याला मी ११ टाका म्हणून सांगत नाही. जुनं यंत्र जुन्या विंडोजवर राहू द्या, फक्त त्याची नेटची केबल काढा, वाय-फाय बंद करा, ऑफिसच्या लॅनवरूनही उतरवा. मेल, बँक, जीएसटी हे सगळं दुसऱ्या यंत्रावर. फाइल पेन ड्राइव्हने न्या, आणि तो ड्राइव्ह दर खेपेला आधी नव्या यंत्रावर तपासा. फॉरवर्ड म्हणतो जुनं ठेवा आणि खुशाल नेटवर वापरा. फरक त्या दुसऱ्या अर्ध्यात आहे.

‘फाँट उडाला’ या तक्रारीमागे कित्येकदा मंगल हा युनिकोड फाँट असतो. सोसायटीचे ठराव, इतिवृत्तं, अर्ज वर्षानुवर्षं मंगलमध्ये टाइप झाले. विंडोज १० पासून मंगल मूळ विंडोजबरोबर येत नाही. कोकिळा, अपराजिता, उत्साह यांच्याबरोबर तो ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ या ऐच्छिक गठ्ठ्यात गेला. कोरी विंडोज टाकली की कित्येकदा गठ्ठा नसतो, मजकूर निर्मला या दुसऱ्या फाँटमध्ये दिसतो, ओळी सरकतात आणि एका पानाचा ठराव सव्वा पानाचा होतो. ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन तो गठ्ठा उतरवला की पान जागेवर. दोन मिनिटांचं काम, ज्यावर मी लोकांना अख्खी विंडोज पुन्हा टाकताना पाहिलं आहे.

‘अपडेटमुळेच विमानतळ ठप्प झाले.’

१९ जुलै २०२४ चा तो दिवस. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. पण तो विंडोजचा अपडेट नव्हता. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल सुटली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. त्यांत १० वरचीही होती, ११ वरचीही. जुनी विंडोज कुणाला वाचवायला आली नाही.

मेसेजवाल्याला अपडेटविरुद्ध दमदार पुरावा हवा असेल तर मीच देतो. ऑक्टोबर २०१८ चा विंडोज १० चा मोठा अपडेट काही जणांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली खाऊन गेला आणि मायक्रोसॉफ्टला तो थांबवावा लागला. त्याहून मोठं उदाहरण नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रॅमचं. २७ जून २०१७ ला हे संकट युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरलं. मर्स्क ही जहाजकंपनी त्यात कोलमडली आणि तिचा धक्का आपल्या न्हावाशेव्याला, जेएनपीटीमधल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलला बसला. कंटेनर अडकले, ट्रकांच्या रांगा लागल्या. आता याच गोष्टीचा दुसरा भाग: आत शिरल्यावर ते पसरलं चोरलेल्या पासवर्डांवरून आणि मार्चमध्ये बुजवलेल्या त्याच वॉनाक्रायवाल्या फटीतून.

म्हणून अपडेटच्या आधी बॅकअप. वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क काढून कपाटात. बॅकअप घेतला म्हणणाऱ्या निम्म्या लोकांची प्रत त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर असते, असा माझा अनुभव.

‘नवा कॉम्प्युटर घ्यावाच लागतो.’

सगळ्यांना नाही. अस्सल विंडोज १० असेल आणि यंत्र पात्र असेल तर ११ फुकट मिळते. पात्रता म्हणजे ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल प्रोसेसर किंवा त्याच सुमाराचा रायझन, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (यंत्र सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) आणि टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय). ‘टीपीएम सापडलं नाही’ असं आलं की लोक थेट दुकान गाठतात. पुष्कळदा ते यंत्रात असतं, बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने शोधा. मात्र बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी यंत्र ती मागेल आणि तुम्ही आकाशाकडे बघाल.

सातव्या पिढीपर्यंतच्या धडधाकट यंत्रांना मायक्रोसॉफ्टने वाऱ्यावर सोडलं, ही तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे. आठ-नऊ वर्षांचा चांगला चालणारा कॉम्प्युटर भंगारात काढायला लावणं हा उधळेपणा आहे. तरी दोन वाटा आहेत. घरगुती वापरासाठी कंपनीने वाढीव पॅचची नोंदणी ठेवली आहे, ईएसयू नावाची. तिने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पॅच मिळतात. ३० डॉलर भरा, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केलात तर पैसे पडत नाहीत. दुसरी वाट लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची. मिंट किंवा उबुंटू टाकलं की ब्राउझर, लिबरऑफिस आणि युनिकोड मराठी छान चालतं. श्रीलिपी आणि पेजमेकर नाही. आजीआजोबांच्या यूट्यूब-व्हॉट्सअ‍ॅप यंत्रासाठी मी हीच वाट धरतो.

आता ती लिंक. ‘विंडोज १० लाइफटाइम अपडेट’ अशी एक झिप फाइल, पासवर्ड १२३४. अशा फॉरवर्डमधल्या झिपला पासवर्ड एवढ्याचसाठी लावतात की अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये. खाली सूचना आहे: चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. वर ज्याच्या भरवशावर निर्धास्त राहायला सांगितलं, त्यालाच शेवटच्या ओळीत घरी पाठवायचं.

काकांनी ती फाइल उतरवली होती. १२३४ हा पासवर्ड मराठी आकड्यांत टाकून पाहिला, झिप उघडली नाही, म्हणून मला मेसेज केला.