व्होलाटाइल लिहायला काय जातं बे?

सी भाषेत व्होलाटाइल म्हणजे ‘हा व्हेरिएबल दर वेळी मेमरीतूनच वाच’ असं कंपायलरला सांगणारा शब्द, पण तो लिहायचा कुणी, दर वेळी तेच! चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या लूमचा कंट्रोलर, इंटरप्टमध्ये, म्हणजे हार्डवेअरनं मधेच हाक मारली की चालणाऱ्या कोडमध्ये, ग्लोबल फ्लॅग (खुणेचा व्हेरिएबल) सेट होतो, मेन लूप त्याची वाट बघत बसतो आणि ओ-टू, म्हणजे कंपायलरचं ऑप्टिमायझेशन, लावलं की सगळं हँग, मग पोरं कंपायलरला शिव्या घालतात. अरे, लूपमध्ये त्या फ्लॅगला कुणी हातच लावत नाही म्हटल्यावर कंपायलर तो एकदा वाचून प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये ठेवणारच की, त्याला इंटरप्टचं स्वप्न पडतंय काय? व्होलाटाइल लिहा ना बे! तर नाही, ऑप्टिमायझेशनच बंद करून माल पाठवायचा. दुसरे शहाणे एकाच वेळी चालणाऱ्या थ्रेडमध्येपण व्होलाटाइलच चिकटवतात, तिथं ॲटॉमिक (मधे न तुटणारं वाचन-लेखन) लागतं, २०११ पासून सी स्टँडर्डमध्ये आहे, पण वाचणार कोण, आधीच उन्हानं डोकं फिरलंय.