चुंबकाला शिसं चिकटत नाही!

"पिठात शिसं आणि कॅडमियम आहे, चुंबक फिरवून बघा" हा मेसेज फिरत फिरत गेल्या आठवड्यात ऐरोलीला माझ्या वहिनीपर्यंत पोचला. वहिनीला सहावा महिना, हिमोग्लोबिन 9.2. त्याच मेसेजमध्ये पुढे लिहिलंय की बुलढाण्यात गव्हानेच टक्कल पडलं, लोहाच्या गोळ्या म्हणजे हेच लोखंड म्हणून त्या बंद करा, आणि पीठ हळदीच्या पाण्यात मळलं की धातू निघून जातात. तिने पाच दिवस गोळी घेतली नाही! रविवारी जेवायला गेलो तेव्हा कळलं, तेव्हापासून डोकं फिरलंय.

आधी चुंबक. तिने परातीत पीठ पसरून फ्रिजवरचा मॅग्नेट फिरवला होता, त्याच्या कडेला काळे बारीक केस उभे राहिल्यासारखं काहीतरी दिसत होतं. ते लोखंड आहे. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक यातलं काहीही चुंबकाला चिकटत नाही, पटत नसेल तर खाडीत जाळं टाकणाऱ्या कुणाकडून तरी शिशाची गोळी घ्या आणि लावून बघा. लोखंड गिरणीच्या झिजेतून येतं, आणि ज्या पाकिटावर +एफ छापलेलं असतं त्या पिठात तर लोह मुद्दाम घातलेलं असतं. हां, दळणात डोळ्यांना दिसेल एवढा चुरा येत असेल तर गिरणीवाल्याला दाखवा, खपवून घेऊ नका.

आता गोळ्या. हे ज्याने लिहिलं त्याला कळतंय का आपण काय करतोय? गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की ॲनिमिया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 5 मध्ये देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. म्हणून सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला रोज 60 मिलिग्रॅम लोहाची गोळी देतात. 100 ग्रॅम कणकेत लोह असतं सुमारे 4 मिलिग्रॅम, त्यातलंही फायटेटमुळे (धान्याच्या कोंड्यातला, लोह अडवून धरणारा घटक) अंगाला थोडंच लागतं. म्हणजे नुसत्या पोळ्यांवर ही तूट भरून निघूच शकत नाही, आणि बाळंतपणात रक्तस्राव झाला तर अशा बाईच्या जिवावर बेततं.

बुलढाण्याचं मात्र पूर्ण खोटं नाही, हे मान्य करावं लागतं. डिसेंबर 2024 ते जानेवारी 2025 मध्ये शेगावकडच्या गावांत लोकांचे केस खरंच गळले, आणि डॉ. हिम्मतराव बावस्करांनी केलेल्या तपासणीत रेशनच्या गव्हात सेलेनियम खूप जास्त आणि लोकांच्या अंगात झिंक कमी आढळलं. पण सेलेनियम शरीराला लागतंच, दिवसाला 55 मायक्रोग्रॅमच्या आसपास, ते सतत 400 च्या वर गेलं तर केस-नखं जातात. त्या गव्हावरून सगळ्या गव्हाला विष ठरवणं, आणि वर त्याचा संबंध लोहाच्या गोळीशी जोडणं, याला काही अर्थच नाही.

कॅडमियम फॉस्फेट खतांतून जमिनीत आणि तिथून दाण्यात उतरतं हे खरं आहे, कोडेक्सची, म्हणजे अन्नाच्या आंतरराष्ट्रीय निकषांची, गव्हासाठी मर्यादा किलोला 0.2 मिलिग्रॅम आहे. पण ते मोजायला लॅब लागते. आणि हळद? हळदीच्या पाण्याने पिठातलं काहीही निघत नाही, उलट रंग यावा म्हणून हळदीतच लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, मिसळल्याची प्रकरणं झाली आहेत.

वहिनीने डॉक्टरांना फोन केला, त्यांनी त्याच दिवशी गोळी सुरू करायला सांगितली. आता ती चहाबरोबर न घेता दुपारी लिंबूपाण्यासोबत घेते, आणि मॅग्नेट पुन्हा फ्रिजवर गेलाय.