पुठ्ठ्याची होडी का उलटली? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पुठ्ठ्याच्या होडीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी आधी मुलांना मोठ्यानं वाचून दाखवली आणि मगच हे उत्तर लिहायला बसले. नंतर येणाऱ्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. ती होडी पुठ्ठ्याची नव्हतीच, चिकटटेप आणि रंगाची होती. 'गणित करून बांधली' असं मी लिहिलं, पण शेवटच्या फोटोत ती पालथी दिसते. थर्मोकोलचा ठोकळा वापरला असता तर सगळं दहा मिनिटांत झालं असतं. आणि मुलांना असं पाण्यात उतरवणं बेजबाबदारपणाचं आहे.

पालथ्या होडीपासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि चूक माझी आहे.

होडी 180 सेंटिमीटर लांब, 45 रुंद आणि 30 उंच होती. तिचं वजन 7 किलो, बसणाऱ्या मुलीचं 45, म्हणजे एकूण 52 किलो. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, म्हणून होडीनं 52 लिटर पाणी बाजूला सारलं की ती तरंगणार. बुडाच्या क्षेत्रफळानं भागलं की उत्तर येतं जेमतेम साडेसहा सेंटिमीटर. काठ पाण्याच्या वर वीत-सव्वा वीत राहणार. मुलांनी हे गणित स्वतः केलं होतं, ते अचूक होतं, आणि होडी खरोखर तेवढीच बुडली. मग चार वल्ही मारून झाली आणि ती डावीकडे कलंडली.

होडी बुडणार नाही याचं गणित वेगळं आणि ती उलटणार नाही याचं वेगळं. दुसरं गणित मी मुलांकडून करूनच घेतलं नव्हतं, लेखातही लिहिलं नव्हतं. ते आता लिहिते.

होडी एका अंगाला कलली की त्या बाजूचं बूड जास्त पाण्यात जातं आणि दुसऱ्या बाजूचं वर येतं. पाण्याचा वर ढकलणारा जोर त्यामुळे कललेल्या बाजूकडे सरकतो आणि होडीला परत सरळ करू पाहतो. त्याच वेळी बसणाऱ्याचं वजनही त्याच बाजूला झुकतं आणि तिला उलथू पाहतं. या झटापटीत कोण जिंकणार हे एका बिंदूवरून ठरतं, त्याला मेटासेंटर म्हणतात. होडीचा आणि माणसाचा मिळून गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असेल तर होडी सावरते, वर गेला तर उलटते. चौकोनी बुडाच्या होडीसाठी तो काढणं अवघड नाही. लांबी गुणिले रुंदीचा घन, भागिले 12, भागिले सारलेलं पाणी (52 लिटर म्हणजे 52,000 घन सेंटिमीटर). आमच्या होडीसाठी 180 × 45 × 45 × 45 ÷ 12 ÷ 52,000, म्हणजे 26.3 सेंटिमीटर. त्यात होडी जेवढी पाण्यात आहे त्याचं निम्मं, म्हणजे 3.2 मिळवायचं. मेटासेंटर बुडापासून साडेएकोणतीस सेंटिमीटरवर आला.

आता बसणारीकडे पाहा. काठ 30 सेंटिमीटर उंच असल्यानं वल्हं पाण्यापर्यंत पोचेना, म्हणून आम्ही घड्या घातलेल्या पुठ्ठ्याची 15 सेंटिमीटरची बैठक केली होती. बसलेल्या मुलीचा गुरुत्वमध्य बैठकीपासून साधारण 22 सेंटिमीटरवर धरला, तर होडीसकट सगळ्याचा मध्य 33-34 सेंटिमीटरवर जातो. मेटासेंटरच्या चार सेंटिमीटर वर. ती मुलगी कितीही जपून बसली असती तरी होडी उलटलीच असती. हे मी इतकं स्पष्ट लिहिते आहे, कारण त्या दिवशी काठावरून दोघांतिघांनी 'ती हलली म्हणून पडली' असं म्हटलं आणि तिनं ते मनाला लावून घेतलं. दोष तिचा नव्हता. आम्ही बैठक उंच केली आणि होडी अरुंद ठेवली.

या सूत्रात रुंदीचा घन येतो, आणि सगळी मेख तिथे आहे. दुसऱ्या होडीची रुंदी आम्ही 45 वरून 60 केली. वाढ फक्त 15 सेंटिमीटरची, म्हणजे एकतृतीयांशाची, पण घन केला की ती सव्वादोन पटीहून जास्त होते. होडी एक किलोनं जड झाली, तरी मेटासेंटर सुमारे 64 सेंटिमीटरवर गेला. काठ 22 सेंटिमीटरवर आणला, त्यामुळे बैठक काढता आली आणि मुलगी थेट बुडावर बसली. गुरुत्वमध्य वीस सेंटिमीटरच्या आसपास. या वेळी ती मुद्दाम डावी-उजवीकडे झुकली, तरी होडी परत सरळ होत राहिली.

माझं आजोळ मालवणजवळ. तिथल्या अरुंद होड्यांना एका बाजूला दांड्यांवर बांधलेली उलांडी, म्हणजे पाण्यावर तरंगणारं लाकूड, लहानपणापासून पाहत आले. होडी अरुंदच ठेवून पाण्यावरचा तिचा पसारा तेवढा वाढवायचा, ही त्यामागची युक्ती. इतकी वर्षं डोळ्यासमोर असूनही पुठ्ठा कापताना ती मला आठवली नाही, याची खंत वाटते.

टेपबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. पहिल्या होडीला आम्ही गरजेपेक्षा जास्त टेप गुंडाळली, हे कबूल. पण दोन रोल टेपचं वजन पाव किलोच्या आसपास, आणि ती उभी केली तर स्वतःच्या वजनानंही वाकते. पाच सेंटिमीटर पाण्यात बसलेल्या बुडाला दर चौरस मीटरला 50 किलोचा जोर खालून लागतो. तो झेलतो पुठ्ठा. दोन सपाट कागदांना मधली पन्हळ एकमेकांपासून दूर धरते, त्यातून हा ताठपणा येतो. छपराचा पन्हळी पत्राही असाच साध्या पत्र्यापेक्षा ताठ असतो. म्हणून पन्हळीची दिशा महत्त्वाची. बुडाच्या एका थरात ती लांबीच्या दिशेनं ठेवायची, म्हणजे होडी मध्ये मोडत नाही, आणि वरच्या थरात आडवी, म्हणजे बसल्या जागी बूड दबत नाही. फ्रिजचा पाच प्लायचा, म्हणजे पाच थरांचा, खोका मिळाला तर फारच उत्तम.

टेपचं काम फक्त पाणी बाहेर ठेवण्याचं. एक प्रयोग घरी करून पाहा. पुठ्ठ्याचे हाताएवढे दोन तुकडे सगळीकडून रंगवून वाळवा. मग एकाच्या कडा ताज्या कापा आणि दोन्ही घमेल्यात तरंगत ठेवा. कापलेल्या तुकड्याचा रंगवलेला पृष्ठभाग कोरडाच दिसतो, पण उघड्या कडेच्या नळ्यांमधून पाणी आत ओढलं जातं. खोक्याचे थर बहुधा स्टार्चच्या खळीनं चिकटवलेले असतात. ती भिजली की थर सुटतात आणि पुठ्ठ्याचा सगळा ताठपणा जातो. हे कळल्यावर दुसऱ्या होडीत टेप फक्त कापलेल्या कडांना आणि सांध्यांना लावली, बाकी सगळीकडे ऑइल पेंटचे दोन पातळ हात. अर्धा रोल पुरला. प्लास्टिकच्या वापराबद्दल तुम्ही टोकलंत म्हणूनच मुलांनी हा हिशेब मांडला, त्यासाठी आभार.

आणि पाणी अडवणारा थर लावला म्हणून होडीचं साहित्य बदलत नाही. 1874-75 मध्ये नॅथॅनिएल बिशप नावाचा माणूस न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावाहून निघून फ्लोरिडापर्यंत गेला तो कागदी होडीतून. सव्वाचार मीटर लांब, 71 सेंटिमीटर रुंद, वजन 26 किलोच्या आसपास, आणि कागदाची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर. कागदावर पाणी अडवणारा लेप होताच, तरी तिला सगळे कागदाचीच होडी म्हणतात.

थर्मोकोलबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. थर्मोकोल कसाही कापा, तो तरंगतोच, त्यामुळे मुलांना ठरवायला काही उरत नाही. कागदाचा तंतू मुळात पाण्यापेक्षा दीडपट जड असतो. तो तरंगतो तो आपण दिलेल्या आकारामुळे. 1974 मध्ये अमेरिकेतल्या सदर्न इलिनॉय विद्यापीठात रिचर्ड आर्चर या शिक्षकांनी डिझाइनच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षा म्हणून माणूस वाहून नेणारी पुठ्ठ्याची होडी करायला लावली. पुठ्ठा निवडण्यात हीच गंमत असावी असं मला वाटतं. चूक झाली तर ती लगेच सगळ्यांना दिसते.

सुरक्षिततेबद्दल. सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात मुलीच्या कमरेइतकं पाणी होतं, तिच्या अंगात लाइफ जॅकेट होतं आणि आम्ही दोघं मोठी माणसं पाण्यात उभी होतो. यातलं काहीच मी लेखात लिहिलं नाही, ते लिहायलाच हवं होतं. विशेषतः गावाकडच्या वाचकांना कळकळीनं सांगते, हा प्रयोग शेततळ्यात करू नका. शेततळ्याचं प्लास्टिकचं अस्तर ओलं झालं की इतकं निसरडं होतं की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. विहीर, नदी, बंधारा यांचंही नाव काढू नका. मूळ लेखात सगळ्यात वर हे आजच घातलं आहे आणि उलटण्याचं गणितही जोडलं आहे.

दुसरी होडी चाळीस मिनिटं पाण्यात होती. बाहेर काढल्यावर आम्ही तिचं बूड कापून पाहिलं. आतून कोरडं होतं, फक्त मागच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढी ओल होती. तिथे टेप ताणून वळवली होती, ती सैल पडून मध्ये बारीक सुरकुती राहिली होती. पुढच्या वेळी कोपऱ्यावर टेपचे छोटे तुकडे माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक चढवून बघणार आहोत. टेपशिवाय कोपरा बंद करायची एखादी रीत तुम्हाला माहीत असेल तर जरूर लिहा, ती आधी करून पाहू.